लेखकांच्या बायकांनी लिहिलं, खेळाडूंच्या घरचे गप्प का?

नौपाडा_लोकल (धागाकर्ता)

सध्या आत्मचरित्रं वाचायचा सपाटा लावलाय, एक लेखकाचं मग एक खेळाडूचं असं आलटून पालटून, सकाळची ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली की बसायला मिळतं आणि भायखळ्यापर्यंत बऱ्यापैकी पानं होतात. तर वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात अडकलीये म्हणून धागा काढतोय, आधी झाला असेल तर लिंक द्या.

मराठीत लेखक घरात कसा होता हे कळायचं असेल तर त्याचं स्वतःचं पुस्तक वाचून भागत नाही, बायकोचं वाचावं लागतं. स्मृतिचित्रे घ्या. रेव्हरंड टिळक कवी म्हणून थोर, पण संतापी, हातात पैसा न टिकणारा, मनात आलं की उठून चालता होणारा हा माणूस आपल्याला भेटतो तो लक्ष्मीबाईंमुळे, आणि त्या बाई लिहावाचायला शिकल्या लग्नानंतर. 1934 ते 36 मध्ये भागाभागाने आलेलं पुस्तक आहे आणि आजही एका बैठकीत पन्नास पानं सहज जातात. मग आहे मनोहर तरी, 1990. सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस घरात कशाकशाची जबाबदारी घ्यायचा नाही हे सुनीताबाईंनी लिहिलं आणि लोक चिडले, अजून चिडतात. मल्लिका अमरशेख, कवी नामदेव ढसाळांच्या पत्नी, यांचं मला उद्ध्वस्त व्हायचंय 1984 चं, ते तर वाचून दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. रणजित देसाईंच्या पत्नी माधवी देसाईंचं नाच गं घुमा आहेच.

आता खेळाडूंकडे या. लहानपण, पहिली बॅट किंवा पहिले बूट, सर भेटले, सिलेक्शन झालं, दुखापत, कमबॅक, सगळ्यांचे आभार. मधे चकचकीत फोटोंची सोळा पानं. घरात हा माणूस हरल्यावर कसा वागायचा, कोणावर ओरडायचा, पैसे कोण सांभाळायचं, काही नाही. आणि बायको, आई, भाऊ, बहीण यांच्यापैकी कोणीच कसं लिहीत नाही? की लिहिलंय आणि मलाच माहीत नाही? सुचवा.

पामबीच_पेडलर

अरे लिहिलंय की. अजित तेंडुलकर, द मेकिंग ऑफ अ क्रिकेटर, 1996. मोठ्या सावत्र भावाने लिहिलेलं, आणि तेही सचिन ऐन भरात खेळत असताना. सचिनचं स्वतःचं पुस्तक आलं 2014 ला, बोरिया मजुमदारांबरोबर लिहिलेलं, तुफान खपलं, पण मला विचारशील तर भावाच्या पुस्तकात मुलगा दिसतो आणि सचिनच्या पुस्तकात स्कोअरकार्ड दिसतं. शिवाजी पार्कात आचरेकर सरांसमोर पहिल्याच दिवशी पोराचं काही जमेना तर अजितने सरांना सांगितलं की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून झाडामागून बघा, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण विचार कर, ती मांडू शकला तो अजित, कारण सचिन तेव्हा बॅटिंग करत होता, त्याला झाडामागचं काय दिसणार.

आणि तुझ्या थिअरीला अजून एक गंमत जोड. त्याच घरात वडील रमेश तेंडुलकर, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. म्हणजे एका छपराखाली लेखक पण आणि खेळाडू पण. 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये वडील गेले, सचिन इंग्लंडहून घरी आला, परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140. क्रिकेटवाल्यांना त्या 140 बद्दल सगळं माहितीये, त्या कवीच्या कविता कितीजणांनी वाचल्यात?

मधला_डबा

रुमाल टाकून ठेवतोय. पॉपकॉर्न आणले.

जुनी_पानं

नौपाडा लोकल, धागा चांगला काढलात पण यादी अपुरी आहे. मराठीत खेळाडूंनी मोकळं लिहिलंच नाही असं म्हणण्याआधी पालवणकर विठ्ठल यांचं नाव घ्यायला हवं. 'माझे क्रीडा-जीवन', 1948 सालचं. आणि तुम्हाला घरचा माणूसच हवाय ना, तर विठ्ठल म्हणजे पालवणकर बाळूंचा धाकटा भाऊ.

बाळू कोण ते तरुण मंडळींसाठी थोडक्यात. चांभार समाजातले, जन्म 1876 चा, धारवाडचा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायची, नेट लावायचं, मार्किंग करायचं अशी नोकरी. तिथला ग्रेग नावाचा साहेब मोठा बॅट्समन, तो सरावाला लवकर यायचा आणि बाळूला तासन् तास बोलिंग टाकायला लावायचा. डावखुरा स्पिन, तिथेच तयार झाला. पण बॅटिंग? ती साहेबलोकांची, ह्याच्या हातात बॅट द्यायची नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतला तर मैदानावर चेंडू सगळे एकच हाताळणार पण चहाच्या वेळेला बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून पिणार आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर संघ सपाटून हरला पण ह्या माणसाने दौऱ्यात एकूण 114 विकेट काढल्या, साधारण 19 च्या सरासरीने. आणि तरी हिंदू संघाचा कॅप्टन कधीच केलं नाही. 1920 ला त्यावरून दोघा भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, संघातून अंग काढून घेतलं होतं. शेवटी 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी (हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांची स्पर्धा) जिंकली.

आता मला खटकतं ते सांगतो. दलित आत्मकथनांची यादी कोणीही काढली की ती बलुतंपासून म्हणजे 1978 पासून सुरू होते. दया पवारांबद्दल आदर आहेच, ते पुस्तक मी आलं तेव्हाच वाचलंय. पण त्याच्या तीस वर्षं आधी याच मुंबईत एका खेळाडूने मराठीत आपलं आयुष्य लिहून काढलं होतं, ते कोणाच्या यादीत नसतं, कारण ते क्रिकेटचं पुस्तक म्हणून कपाटाच्या दुसऱ्या बाजूला गेलं. साहित्यवाले क्रिकेटच्या फळीकडे जात नाहीत आणि क्रिकेटवाले मराठी वाचत नाहीत. रामचंद्र गुहांनी 2002 च्या इंग्रजी पुस्तकात विठ्ठलच्या आठवणींचा आधार घेतला तेव्हा कुठे आपल्याकडच्या लोकांना जाग आली.

नौपाडा_लोकल (धागाकर्ता)

जुनी पानं काका, हे नाव मी गुहांच्या पुस्तकाच्या संदर्भात ऐकलं होतं पण मूळ मराठी पुस्तकाकडे कधी गेलो नाही. वाखुसा (वाचनखूण साठवली). आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं आहे, तिथे आधी चौकशी करतो.

खवचट_खारीगाव

सगळे कसे लेखकांच्या प्रेमात. एक सांगा, लेखक जास्त खोटं बोलतो की खेळाडू?

माझं मत, लेखक. खेळाडूला खोटं बोलायला वावच कमी आहे, शून्यावर आऊट झालास तर झालास, पेपरात छापून आलंय. लेखकाचं तसं नाही. तो स्वतःचा कमीपणासुद्धा असा नटवून सांगतो की वाचणाऱ्याला वाटावं काय हा प्रामाणिक माणूस. मराठी लेखकांच्या आत्मचरित्रांत गरिबी, कंदिलाचा उजेड, एक सहृदय मास्तर आणि पहिली छापून आलेली कविता एवढं असतंच, ते खेळाडूच्या पहिली बॅट आणि आचरेकर सरांपेक्षा काय वेगळं आहे? साचा तो साचाच.

आणि गावसकरचं सनी डेज वाचलंय का कोणी? 1976 चं, सत्ताविशीत लिहिलेलं. तेव्हा लोक म्हणाले असतील हे काय चरित्र लिहायचं वय आहे का, पण म्हणूनच ते ताजं आहे, त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं की आपण पुतळ्याच्या लायकीचे होणार आहोत, त्यामुळे पुतळ्यासारखं बोलत नाही. जन्म झाल्यावर हॉस्पिटलात बाळाची अदलाबदल झाली होती, काकाने पहिल्या दिवशी कानाच्या पाळीजवळचं बारीक भोक बघून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी आला तर पाळण्यातल्या बाळाच्या कानाला ते नाही, मग शोधाशोध, तर सुनील एका कोळणीच्या शेजारी झोपलेला. काका नसता तर इंडियाचा ओपनर मासे पकडत असता. ही गोष्ट सुद्धा घरच्या माणसाने बघितली म्हणून आहे, हे मात्र नौपाड्याच्या बाजूने जातं, जाऊदे.

ऐरोली_नॉक

भारतीय पुस्तकांवरच गाडी का अडकलीये, आगासीचं ओपन वाचा आणि मग बोला. 2009. पहिल्या पाचदहा पानांतच सांगतो की मला टेनिसचा मनापासून तिरस्कार आहे. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस! बाप घरामागच्या कोर्टवर बॉल फेकणारं मशीन लावून ठेवायचा, पोराने त्याला ड्रॅगन नाव दिलेलं.

माझा आवडता भाग विगचा. 1990 ची फ्रेंच ओपन फायनल, त्याचे ते सोनेरी लांब केस ज्याच्यावर पोरी फिदा, तो विग होता. आणि फायनलच्या आदल्या रात्री अंघोळ करताना चुकीचं कंडिशनर लागल्यामुळे तो विग सुटायला लागला. भाऊ आणि तो बसून केसांच्या पिनांनी तो कसातरी जोडतात. दुसऱ्या दिवशी कोर्टवर देवाकडे काय मागतो, जिंकू दे असं नाही, विग पडू देऊ नकोस. आणि हरला, गोमेझकडून. टीव्हीवर सगळं जग मॅच बघतंय आणि ह्याच्या डोक्यात पिना. हे कुठल्या कॉमेंटेटरला कळणार होतं? स्पर्धेच्या काळात ड्रग्ज घेतली, चाचणीत सापडला आणि टेनिसवाल्यांना पत्र लिहून थाप मारली तेही सांगून टाकलंय, कोणी विचारलं नव्हतं, बाहेर कोणाला कळलंही नव्हतं.

पण धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघा. ते पुस्तक आगासीने एकट्याने लिहिलेलं नाही. जे. आर. मोरिंगर म्हणून पुलित्झर मिळालेला पत्रकार, त्याची स्वतःची आठवणींची एक कादंबरीसारखी वाचली जाणारी किताब आहे, ती वाचून आगासीने त्याला गाठलं. तो लास व्हेगासला राहायला गेला, बसून बोलतं केलं. कव्हरवर नाव टाकूया म्हटलं तर नको म्हणाला. म्हणजे तिकडे खेळाडूला चांगला लेखक मिळतो आणि त्याला वेळ मिळतो. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या आधी पुस्तक बाजारात आलं पाहिजे म्हणून चार बैठकांत गुंडाळतात.

खवचट_खारीगाव

म्हणजे भाड्याची बायको. लिहून देणारी, नाव न लावणारी.

ऐरोली_नॉक

खवचट हे आयडीला जागलात.

सीवूड्स_सायली

मला नेमबाज अभिनव बिंद्राचं आवडलं, रोहित ब्रिजनाथबरोबर लिहिलेलं. बीजिंगच्या फायनलआधीच्या सरावाच्या शॉटला चार लागले त्याला, म्हणजे दहाच्या खेळात चार, बंदुकीचं साईट हललेलं होतं. मॅच सुरू व्हायला मिनिटं उरलेली. पुढे गोल्ड मिळालं ते माहितीये सगळ्यांना. पण त्या पुस्तकात सुखाचा लवलेश नाही, वेडाने पछाडलेला माणूस आहे तो, आणि गोल्ड मिळाल्यावर आत जे रिकामं रिकामं होतं ते त्याने लपवलेलं नाही. भारतीयांमध्ये हे एक वेगळं म्हणून सुचवते.

अवांतर: 30 ऑक्टोबर 2025 ला मी डीवाय पाटील स्टेडियमला होते, महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, जेमिमा रॉड्रिग्सच्या नाबाद 127. 339 चा चेस. आम्ही सीवूड्सवाले चालत गेलो आणि चालतच आलो, रिक्षाचं नाव काढू नका. पण मॅचनंतर ती रडत रडत अँग्झायटीबद्दल जे बोलली, आईला फोन करून रडायचे वगैरे, ते पाच मिनिटांचं बोलणं मी अख्ख्या पुस्तकाच्या बदल्यात घेईन. पुढेमागे तिचं पुस्तक येईलच, तेव्हा हे त्यात एवढंच कच्चं ठेवतील की इस्त्री करून टाकतील याची धाकधूक आहे. आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला आई होती. ती लिहिणार आहे का, नाही ना. तर नौपाडाचं म्हणणं मला पटतंय.

येऊर_रनर

लेखक आणि खेळाडू असं दोन्ही एकातच हवं असेल तर हारुकी मुराकामी. धावण्यावरचं पुस्तक, जपानीत 2007, इंग्रजीत पुढच्या वर्षी. हा माणूस जॅझचा बार चालवायचा, 1978 मध्ये बेसबॉलची मॅच बघताना, बॅटला बॉल लागल्याचा आवाज आला आणि ह्याला वाटलं आपण कादंबरी लिहू शकतो. मग बार विकला, लिहायला बसला, तर वजन वाढायला लागलं आणि दिवसाला तीन पाकिटं सिगरेटी, म्हणून पळायला लागला. 1996 ला होक्काइदोला सारोमा सरोवराकाठी 100 किमी पळाला, 11 तास 42 मिनिटं. त्यात एक पाऊलही चाललो नाही याचा त्याला इतका अभिमान की थडग्यावर तेच लिहा म्हणतो. आणि गंमत म्हणजे त्यानंतर पळण्यातली गोडीच गेली, हे पण लिहितो. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर फिनिश लाईनला चॅप्टर संपवला असता.

मी उपवनहून येऊरच्या चढाला पळतो, वर्षा मॅरेथॉनला दरवर्षी चिखलात बूट घालवतो, त्यामुळे मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही की तो पळताना काही महान विचार वगैरे करत नाही. लोक विचारतात पळताना काय विचार करता, उत्तर फार काही नाही. मराठीत कोणी लेखक असं स्वतःच्या शरीराबद्दल लिहितो का? आपल्या लेखकांना मन असतं, पोट असतं (पोटाबद्दल भरपूर), पण गुडघे नसतात.

मधला_डबा

गुडघे नसतात =)) =)) फुटलो.

कळव्याची_ताई

पहिल्यांदाच लिहितेय इथे, वाचते नेहमी. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलंत घरचे गप्प का म्हणून लिहावंसं वाटलं. माझे मिस्टर कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. मोठं नाव नाही पण आमच्या बाजूला, कळवा, खारीगाव, विटावा, इकडे मुंबईत लालबाग परळ, जुन्या लोकांना चेहऱ्याने ओळख आहे. कंपनीच्या टीममध्ये घेतलं म्हणून नोकरी लागली आणि नोकरी लागली म्हणून माझ्या वडिलांनी होकार दिला. म्हणजे माझं लग्न कबड्डीने जमवलं.

आमच्याकडे कात्रणांची वही आहे. सासूबाईंनी सुरू केलेली, त्यांना वाचता येत नव्हतं, नाव कसं दिसतं तेवढं त्यांना ओळखू यायचं, बाकी अक्षरं नाही. गव्हाच्या खळीने चिकटवायच्या, त्यामुळे अर्धी वही झुरळांनी खाल्ली. कात्रणात काय असतं तर अमुक मंडळाने तमुक संघावर इतक्या गुणांनी मात केली, विजयी संघातर्फे यांच्या चढाया आणि यांच्या पकडी यांनी चमक दाखवली. झालं. कधी नाव पण चुकलेलं. दोन ओळींची मॅच, त्याच्यापाठी घरी काय चाललेलं ते मला माहितीये. रात्री अकराला फायनल, प्रकाशझोतात, घरी यायला दीड, मग गरम पाण्याची पिशवी, हळद आणि तुरटीचा लेप, सकाळी सातला ड्युटी. मातीवर पकड घेताना ढोपरं सोलायची ती कधी पूर्ण भरलीच नाहीत, पांढऱ्या पँटला पाणी लागून डाग पडायचे ते मी धुतलेत. बक्षीस म्हणून काय मिळायचं, चषक. उत्कृष्ट पकडीचा मिक्सर एकदा मिळाला तेव्हा मी स्टेशनवरून जिलबी आणली.

मग कंपनीने टीम बंद केली. खेळाडू म्हणून घेतलेल्या सगळ्यांना एके दिवशी सांगितलं की आता आठ तास शॉपफ्लोअरवर उभं राहायचं. ज्याचा गुडघा गेला होता त्यानेही. ते कुठल्या पेपरात आलं नाही.

तर लिहीत का नाही विचारलंत. एक तर वेळ नाही. आणि लिहायचं तर खरं लिहावं लागेल, सुनीताबाईंसारखं, आणि आमच्याकडे सगळे सासरचे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.

नौपाडा_लोकल (धागाकर्ता)

ताई, काय लिहिलंय. मी दोनदा वाचलं. सासूबाईंचं फक्त नावाचा आकार ओळखणं तर.

तुमच्या पोस्टमुळे एक लक्षात आलं. लेखकाच्या बायकोला निदान घरात कागद, पुस्तकं, संपादक, येणारेजाणारे लिहिणारे लोक होते. लक्ष्मीबाईंच्या घरी बालकवी राहायचे. सुनीताबाईंनी लिहिलं तर छापायला लोक रांगेत उभे. आणि पुलंचं नाव मोठं असल्यामुळे पुस्तकाला वाचक तयार होता. कबड्डीच्या डाव्या कोपऱ्याच्या बायकोकडे कोण प्रकाशक येणार?

जुनी_पानं

इथेच थोडा असहमत. लक्ष्मीबाईंना काय आयतं मिळालं होतं? वडील इतके सोवळे की मीठ आणि साखरसुद्धा धुवून घ्यायचे, नवरा ख्रिस्ती झाला 1895 मध्ये तेव्हा ही बाई नातेवाइकांत पोरकी, आणि तरी ते सगळं त्यांनी हसत हसत लिहिलं. हसत हसत हा मुद्दा महत्त्वाचा. त्यांनी टिळकांवर खटला चालवला नाही, हिशेब मांडला, पण मजेत. सुनीताबाईंचा सूर वेगळा, तो तपासणीचा आहे, स्वतःचीही. बेबी कांबळ्यांचं जिणं आमुचं आठवा, शांताबाई कांबळ्यांचं माझ्या जल्माची चित्तरकथा आठवा, तिथे कुठले संपादक घरी चहाला येत होते? ताई, सासरच्यांचं एवढं मनावर घेऊ नका. रमाबाई रानड्यांनी 1910 साली नवऱ्याच्या आठवणी लिहिल्या तेव्हाही घरातल्या बायकांनी त्यांना इंग्रजी शिकतेस म्हणून केलेला छळ त्यात लिहिलाच की.

पामबीच_पेडलर

खाशाबा जाधवांचं पण तेच. 1952 हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल, कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस. जायला पैसे नव्हते तर लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. नंतर पोलिसात नोकरी, 1984 ला अपघातात गेले, अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यावर इतरांनी लिहिलंय, पण त्यांच्या घरात मेडल आल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं, तिसऱ्या वर्षी काय झालं हे सांगणारं माणूस हवं होतं. ध्यानचंदनी निदान स्वतः गोल नावाचं छोटं पुस्तक 1952 मध्ये काढलं, साधंसुधं, आपण फार मोठे आहोत असा आव नाही. आणि मिल्खा सिंगचं मुलीबरोबर लिहिलेलं आहे, 2013, ते पण यादीत घे, तुझ्या थिअरीत बसतं.

खवचट_खारीगाव

मिल्खाचं मुलीने लिहिलंय म्हणूनच त्यात बाप जरा जास्तच शहाणा झालाय. घरचा माणूस खरं सांगतोच असं नाही, घरचा माणूस झाकतो पण. बायको खरं सांगते ते ती वैतागलेली असते म्हणून, मुलगी वैतागलेली नसते. हा खरा फरक आहे, लिहून घ्या.

कळव्याची ताई, तुमच्याबद्दल मात्र खवचटपणा करणार नाही. तुमचे मिस्टर कोण ते मला बहुतेक कळलंय, मी शाळेत असताना मातीच्या मैदानावर दोरीला लटकून बघितलंय त्यांना. त्या मॅचबद्दल लिहा ना, खारीगावात झाली होती ती, शेवटच्या चढाईला.

सीवूड्स_सायली

ताई मी टाईप करून देते. तुम्ही व्हॉइस नोट पाठवा, रोज पाच मिनिटं, स्वयंपाक करताना सुद्धा चालेल, कुकरची शिट्टी मी गाळते. सीरियस आहे. इथेच क्रमशः टाकू, नाव न घेता.

येऊर_रनर

+1. आणि गुडघ्याबद्दल सविस्तर हवं.

कळव्याची_ताई

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा मी मिस्टरांना वाचून दाखवला. लेप हळद-तुरटीचा नव्हता, आंबेहळद आणि रक्तचंदनाचा होता असं ते म्हणाले, तर ते आता दुरुस्त धरा, बाकी त्यांनी काही हरकत घेतली नाही. टीम बंद झाल्याचं वाचलं तेव्हा उठून गॅलरीत गेले.

सायली, व्हॉइस नोट पाठवते, पण दुपारी, रात्री घरात सगळे असतात. गुडघ्याचं सांगेन, पैशाचं सांगेन, ऑपरेशनला पैसे कोणी दिले आणि कोणी देतो म्हणून फोन उचलला नाही ते पण सांगेन, नावं काढून टाक. सासूबाईंचं सांगेन. ते हरून आले की जेवायचे नाहीत आणि मी पण मग जेवायची नाही आणि दोघं उपाशी झोपायचो, हा मूर्खपणा पहिली चार पाच वर्षं चालला, तो पण सांगेन.

खवचट दादा, खारीगावच्या मॅचचं मात्र मला विचारू नका. ते त्यांनी सांगावं नाहीतर तुम्ही, तुम्ही दोरीला लटकून होतात. मी त्यांची एकही मॅच पाहिलेली नाही. मंडळाची पोरं जेवायला यायची, वीस माणसांचं मटण असायचं, मी कशी जाणार.